बरोबर कोणतं? : बाखच्या ऑर्गन संगीताचा वाद आणि आपला वर्ग



एका प्रश्नाची दोन चांगली उत्तरं असू शकतात, हे आपण मुलांना तोंडाने सांगतो. पण पेपर तपासायला बसलो की आपल्यासमोर आदर्श उत्तर एकच असतं. मुलं हुशार असतात, त्यांना हे बरोबर कळतं. म्हणून कवितेचा अर्थ विचारला तरी त्यांचा पहिला प्रश्न असतो, "परीक्षेत कोणता लिहायचा?" याच्या अगदी उलट टोकही आपल्याकडे आहे. "ज्याचं त्याचं मत, सगळीच बरोबर" असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पहिल्या टोकाला मूल विचार करायचं थांबतं आणि दुसऱ्या टोकाला विचार करायची गरजच उरत नाही.

या दोन्हींच्या मधली वाट दाखवण्यासाठी मी आज थोडं लांबचं उदाहरण घेतो आहे. युरोपातलं बरोक काळातलं, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं ऑर्गन संगीत आज कसं वाजवावं, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. वादातली माणसं अडाणी नाहीत. सगळी आयुष्यभर रियाज केलेली, मोठमोठ्या चर्चमध्ये वाजवलेली. तरी एकमत नाही. असं का, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी वाद्य समजून घेऊ

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात आपल्या पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. चर्चमधला पाइप ऑर्गन वेगळा. तिथे प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते आणि तिच्यात हवा सोडली की ती वाजते. एकाच जातीच्या आवाजाच्या नळ्यांची एक रांग, आणि ती रांग चालू-बंद करायला एक खुंटी, तिला म्हणतात स्टॉप. हँबर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगर या कारागिराने १६९३ मध्ये पूर्ण केलेल्या ऑर्गनला असे ६० स्टॉप आहेत. हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक चार ओळी आणि खाली पायांनी वाजवायची वेगळी ओळ. वीज येण्याआधी भाते हलवायला वेगळी माणसं लागत.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद यांच्यावर उभा आहे.

एक : या वाद्यावर पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. पेटीवर भात्याचा दाब कमीजास्त करून आपण सूर लहानमोठा करतो. ऑर्गनवर बोटांनी ते जमत नाही. शिवाय बोट पट्टीवर असेपर्यंत सूर जराही विरत नाही, तसाच वाजत राहतो.

दोन : कोणते स्टॉप ओढायचे, म्हणजे आवाज बासरीसारखा हवा की तुतारीसारखा, हे बहुतेक वेळा वाजवणाराच ठरवतो.

कागदावर काय लिहिलं आहे?

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याच्या ऑर्गनच्या रचना उघडल्या तर स्वर सगळे लिहिलेले दिसतात. पण वेग किती, कोणते स्टॉप, स्वर एकमेकांना जोडून वाजवायचे की सुटे, याबद्दल बहुतेक ठिकाणी काहीच नाही. काही रचनांत मात्र थोड्या सूचना आहेत.

फ्रान्समध्ये पद्धत निराळी होती. तिथे रचनेच्या नावातच स्टॉप सांगितलेले असत. निकोला द ग्रिन्यी याचं १६९९ मध्ये छापलेलं पुस्तक त्याचा चांगला नमुना आहे. बाखने ते अख्खं पुस्तक स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं होतं! (मुलांना "बघून लिहिणं" म्हणजे कमीपणा वाटतो, त्यांना हे जरूर सांगा.) पण फ्रान्समध्येही सगळं कागदावर नव्हतं. फ्रान्स्वा कूपराँने १७१६ च्या आपल्या पुस्तकात स्पष्टच म्हटलं आहे की आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरं. एकसारखे लिहिलेले स्वर तिथे थोडे लांब-आखूड करून वाजवायची रीत होती. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १६१५ मध्ये, रोमच्या फ्रेस्कोबाल्डीने आपल्या टोकाटांच्या प्रस्तावनेत सांगून ठेवलं होतं की ताल घट्ट धरून बसू नका.

म्हणजे "जसं लिहिलंय तसं वाजवा" हा सल्ला ऐकायला प्रामाणिक वाटतो, पण तो पाळताच येत नाही. आपल्याला हे नवीन नाही. भातखंड्यांच्या पुस्तकात बंदिशीची स्वरलिपी असते, पण नुसती ती वाचून कोणी राग गायला शिकलं आहे का? उरलेलं गुरूकडून येतं. बाखच्या बाबतीत गुरू जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली. मग उरलेलं आणायचं कुठून? इथेच मतं फुटतात.

पहिलं मत : परंपरा सांगते तसं

एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे लेमेन्स हे मोठे ऑर्गन शिक्षक होते. त्यांचे शिष्य शार्ल-मारी विदोर आणि विदोर यांचे शिष्य मार्सेल द्युप्रे. या घराण्याचा दावा आपल्याला फार ओळखीचा वाटेल. बाखचा शिष्य किटेल, किटेलचा शिष्य रिंक, रिंककडे शिकलेला हेसे, हेसेकडे शिकलेले लेमेन्स. म्हणजे आमच्याकडे थेट बाखपासून आलेली तालीम आहे!

या तालमीचं मुख्य सूत्र होतं की स्वर पूर्ण जोडून वाजवायचे, मध्ये फट नको. द्युप्रे यांनी १९२० मध्ये पॅरिसमध्ये दहा मैफलींत बाखचं सगळं ऑर्गन संगीत पाठ वाजवलं. अशा माणसाला "तुमचं चुकतंय" म्हणायला धाडस लागतं.

जर्मनीत कार्ल श्ट्राउबे यांनीही जुन्या रचना छापताना त्यांत आवाज हळूहळू चढवण्या-उतरवण्याच्या भरपूर खुणा घातल्या. त्यांच्या काळच्या भल्यामोठ्या ऑर्गनवर ते शक्य होतं आणि श्रोत्यांनाही तेच आवडत होतं.

दुसरं मत : पुरावा सांगतो तसं

विसाव्या शतकात दुसरा पक्ष उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. परंपरेत प्रत्येक पिढी थोडं थोडं बदलत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा जुनी वाद्यं बघा, जुनी पुस्तकं वाचा. आल्बर्ट श्वाइत्झर, ज्यांना आपण आफ्रिकेतले डॉक्टर आणि शांततेच्या नोबेलचे मानकरी म्हणून ओळखतो, ते उत्तम ऑर्गनवादक होते आणि विदोर यांचेच शिष्य होते. १९०६ मध्ये त्यांनी ऑर्गन बांधणीवर एक पुस्तिका लिहून जुन्या वाद्यांची बाजू घेतली.

या पक्षाने जे पुरावे पुढे आणले त्यांतले दोन मला फार बोलके वाटतात.

पहिला पुरावा बाखच्या घरातला आहे. १७२० मध्ये त्याने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. त्यात एका छोट्या धड्यावर बोटांचे आकडे लिहिलेले आहेत. तिथे सरळ चढणाऱ्या स्वरांना बोटं आहेत तिसरं, चौथं, तिसरं, चौथं. आजच्यासारखा अंगठा खालून नेऊन हात पुढे सरकवायचा नाही, तर बोटावरून बोट टाकायचं. पेटीवर करून बघा. स्वर आपोआप दोन-दोनच्या जोड्यांत पडतात.

दुसरा पुरावा मारपुर्ग या लेखकाच्या १७५५ च्या वादनशिक्षणाच्या पुस्तकातला. तो म्हणतो की नेहमीच्या वाजवण्यात पुढची पट्टी दाबण्याच्या किंचित आधी मागचं बोट उचललं जातं, आणि हे सगळ्यांना ठाऊकच असल्यामुळे त्यासाठी कागदावर खूण करत नाहीत.

हे शेवटचं वाक्य इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि तेच आधी हरवतं.

अर्थात पुरावाही तपासूनच घ्यायला हवा. मारपुर्गने हे लिहिलं ते बाख गेल्यावर पाच वर्षांनी, आणि ते सर्वच पट्टीवाद्यांसाठी. बोटावरून बोट टाकूनही सराईत माणूस स्वर बराच जोडू शकतो. पण दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर त्यांना वजन येतं.

आता वाद्याकडे परत या. ज्या वाद्यावर एखादा स्वर जोरात वाजवताच येत नाही, त्यावर समेचा स्वर उठून कसा दिसणार? त्याच्या आधीचा स्वर थोडा लवकर सोडायचा. मध्ये क्षणभर शांतता झाली की पुढचा स्वर कानाला ठसठशीत वाटतो. आपण वर्गात महत्त्वाचा शब्द उच्चारण्याआधी जरा थांबतो, तसंच हे. त्यात दगडी चर्च म्हणजे घुमणारी जागा. तिथे सगळे स्वर पूर्ण जोडले तर चार स्वरावल्या एकाच वेळी चाललेली रचना ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट वाटू शकते.

तिसरं मत : आज ऐकणारा आजचा आहे

तिसरा पक्ष म्हणतो, बाखच्या काळचं वाद्य आणाल, बोटं आणाल, पण बाखच्या काळचे कान कुठून आणाल? अमेरिकेत व्हर्जिल फॉक्स यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या रॉक संगीताच्या थिएटरात इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर, रंगीत दिव्यांच्या खेळासह बाख वाजवला. त्यांच्या उलट ई. पॉवर बिग्ज. जुन्या पद्धतीने बांधलेला ऑर्गन १९५८ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयात आला आणि बिग्ज यांनी त्यावरच्या रेकॉर्डिंगमधून साधा, स्वच्छ बाख घरोघरी पोचवला. दोघांचेही चाहते होते आणि ते एकमेकांवर तुटून पडत.

अभ्यासकांतून रिचर्ड तारुस्किन यांनी यावर एक बोचरा मुद्दा मांडला. जुन्या पद्धतीचं म्हणून जे वाजवलं जातं, ते खरं तर विसाव्या शतकाच्याच आवडीचं आहे. नेमकं, कोरडं, वेगवान असं आपल्याला आवडतं आणि मग आपण त्याला इतिहासाचं नाव देतो. हा आरोप पूर्ण खरा नसेल, पण तो झटकून टाकण्यासारखाही नाही.

एका चर्चची गोष्ट

बाख १७२३ पासून मरेपर्यंत ज्या लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये संगीताचा प्रमुख होता, तिथेच आज त्याची समाधी आहे. त्या चर्चमध्ये १८८९ मध्ये झाउअर यांनी त्या काळच्या आवडीचा, भारदस्त आवाजाचा ऑर्गन बसवला. पुढे मत बदललं. १९६० च्या दशकात तिथे बरोक आवाजाच्या त्या वेळच्या कल्पनेप्रमाणे आणखी एक ऑर्गन आला. पुढच्या पिढीला तोही पटला नाही. तो काढून २००० मध्ये, बाखच्या मृत्यूला २५० वर्षं झाली त्या वर्षी, गेराल्ड व्होल यांनी बांधलेला नवा बाख ऑर्गन बसवला.

खुद्द बाखच्या चर्चमध्ये ही स्थिती! पण मला यात एक शहाणपण दिसतं. झाउअरचा ऑर्गन त्यांनी ठेवला. आज तिथे दोन्ही वाद्यं नांदतात. एकोणिसाव्या शतकातलं संगीत एकावर, बाख दुसऱ्यावर. प्रत्येक संगीताला त्याचं वाद्य मिळालं.

माझं मत

आता मी कुठे उभा आहे ते सांगतो.

परंपरेचा पुरावा मला या वादात सगळ्यात कच्चा वाटतो. गुरूबद्दल आदर हवाच, पण "माझ्या गुरूंनी असं सांगितलं" हे कारण एकट्याने पुरत नाही. साखळीतल्या कोणाच्या हातून काय बदललं हे साखळीला आतून दिसत नाही. त्यामुळे घुमणाऱ्या चर्चमध्ये, जुन्या पद्धतीच्या ऑर्गनवर बाख वाजवायचा असेल तर सुरुवात सुट्या, श्वास घेणाऱ्या स्वरांपासून करावी, असं मी म्हणेन. कागद तेच सांगतो आणि वाद्यही तेच सांगतं.

पण म्हणून द्युप्रे चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांचं वाद्य वेगळं होतं आणि त्या वाद्यावर त्यांच्या पद्धतीला आधार होता. आणखी एक गोष्ट विसरू नये. एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी त्यांच्या पद्धतीने बाख वाजवला म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोचला. १८४० मध्ये मेंडेल्सोनने याच सेंट थॉमस चर्चमध्ये एकट्याने ऑर्गनची मैफल केली ती बाखच्या स्मारकाला पैसे उभे करण्यासाठी. आपण ज्यांना दुरुस्त करायला निघालो त्यांचे आपण ऋणी असतो, हे भान हवं.

"मला असं आवडतं" हे कारणही एकट्याने पुरत नाही. फॉक्स यांच्या दिव्यांना माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच की रचनेतल्या चारही स्वरावल्या ऐकणाऱ्याला वेगळ्या ऐकू आल्या का? आल्या असतील तर उत्तम. नसतील तर दिव्यांनी ती उणीव भरून येत नाही.

या वादातली जी माणसं मला सगळ्यात मोठी वाटतात ती मत बदलणारी आहेत. ज्या श्ट्राउबे यांनी पूर्वी खुणांनी भरलेली आवृत्ती काढली होती, त्यांनीच १९२९ मध्ये जुन्या रचनांचं नवं पुस्तक काढताना हँबर्गचा तो श्निटगर ऑर्गन डोळ्यांसमोर ठेवला. फ्रान्सच्या मारी-क्लेअर आलँ यांनी बाखचं सगळं ऑर्गन संगीत एकदा नाही, तीनदा रेकॉर्ड केलं, आणि तिसऱ्या वेळी त्यासाठी जुनी ऐतिहासिक वाद्यं निवडली. आधीचं चांगलं गाजलेलं असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला किती मोठं मन लागत असेल!

वर्गात याचं काय करायचं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या शाळेत ऑर्गन कुठे? नसू दे. मोबाईल आणि एक स्पीकर पुरे. आठवी-नववीच्या मुलांसोबत एका तासात हे करता येईल.

१. बाखच्या नावावर असलेली डी मायनरमधली टोकाटा आणि फ्यूग निवडा. तिची सुरुवात मुलांनी सिनेमात किंवा कार्टूनमध्ये बहुधा ऐकलेली असते. हेल्मुट वाल्खा, व्हर्जिल फॉक्स आणि टोन कूपमन या तिघांचं वादन यूट्यूबवर शोधा. पहिली दोन-तीन मिनिटंच ऐकवा. नावं आधी सांगू नका.

२. "कोणतं आवडलं?" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, "काय वेगळं ऐकू आलं?" वेग, स्वरांमधली फट, आवाजाचा रंग, मधली शांतता. मुलांना वहीत लिहू द्या. आवड सांगण्याआधी निरीक्षण, हा क्रम मोडू नका.

३. मग नावं सांगा. वाल्खा अंध होते. रचनेतली एकेक स्वरावली दुसऱ्याकडून वाजवून घेऊन, ती कानाने पाठ करून, मग मनात सगळ्या एकत्र बांधत, हे कळल्यावर मुलं त्यांचं वादन पुन्हा ऐकायला मागतील.

४. शेवटी सांगा की या रचनेची बाखच्या हस्ताक्षरातली प्रत मिळालेली नाही, आणि ती बाखची आहे का यावरही १९८० च्या दशकापासून अभ्यासकांत वाद आहे. मग विचारा, "बाखची नसेल तर ती कमी चांगली ठरते का?" आणि गप्प बसा. मुलांना बोलू द्या.

हाच क्रम कवितेला लावा, इतिहासातल्या प्रसंगाला लावा. आणि मत विचारणाऱ्या प्रश्नाचे गुण देताना निदान अर्धे गुण कारणासाठी ठेवा. माझ्या वर्गात मी हे करतो. सुरुवातीला मुलं गोंधळतात, कारण "बरोबर" काय ते मी सांगत नाही. महिन्याभरात "कारण" हा शब्द त्यांच्या तोंडी बसतो. गाईडमधलं उत्तर लिहिणाऱ्यालाही गुण मिळतात, पण ते का पटलं हे त्याने सांगितलं तर.

पालकांना एवढंच सांगणं की मुलाचं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर लगेच खोडरबर हातात देऊ नका. आधी विचारा, "तुला असं का वाटलं?" त्याने पाठातली एक ओळ जरी पुरावा म्हणून दाखवली तर ते उत्तर राहू द्या. शिक्षकांनी गुण कापले तर शांतपणे येऊन आमच्याशी बोला. आम्हीही कधी कधी लेमेन्सच्या साखळीतलेच असतो. आमच्या गुरुजींनी शिकवलं तसंच शिकवत राहतो.

आणि कोणी मूल म्हणालंच की मला जमेल तसं, वेगळं करून बघायचं आहे, तर त्याला विशीतल्या बाखबद्दल सांगा. १७०६ मध्ये आर्नस्टाटच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून तंबी दिली होती. प्रार्थनागीतांच्या साथीत तो विचित्र स्वर मिसळतो आणि लोक गोंधळतात, अशी तक्रार होती. त्याच बैठकीत दुसरा जाब होता रजेचा. थोर ऑर्गनवादक बुक्स्टेहूडला ऐकण्यासाठी हा मुलगा चार आठवड्यांची रजा घेऊन चारशे किलोमीटरवरच्या ल्यूबेकला गेला होता आणि जवळजवळ चार महिन्यांनी परतला होता. म्हणजे वेगळं करण्याआधी त्याने पुष्कळ ऐकलं होतं, आणि त्यासाठी पायपीट केली होती. वेगळं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडून आपणही तेवढीच अपेक्षा ठेवावी.

तुमच्या वर्गात हा तास घेतलात तर मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा. माझ्या मतापेक्षा वेगळं मत आलं तरी चालेल. कारण मात्र सोबत पाठवा!